क्वार्टर नंबर अठरा

१

साडेनऊला कर्वेनगरच्या स्टॉपवर बस पकडायची, शनिवार पेठेजवळ उतरायचं, एकशे बारा पावलं सरळ जायचं, पिठाच्या गिरणीचा वास आला की डावीकडे वळायचं, मग तीन पायऱ्या. नागोरावांची वाट ही एवढीच. तिसऱ्या पायरीवर काठी टेकली की आतून कलादालनातल्या कल्याणीचा आवाज यायचा, "या काका, चहा सांगितलाय."

नागोरावांना सातव्या वर्षी देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती. त्याचं दुःख असं आता उरलं नव्हतं. दुःख होतं ते नोकरीचं. पिंपरीच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं ते टेलिफोन ऑपरेटर होते. चारशे एक्स्टेन्शन तोंडपाठ. एखाद्या साहेबाचा आवाज बसलेला वाटला तर फोन जोडण्याआधी "सुंठ घ्या साहेब" असं सांगायचे. मग एक यंत्र आलं. त्यातली बाई न चुकता, न खोकता सांगायची, अमुक दाबा, तमुक दाबा. नागोरावांना हार घालून घरी पाठवलं. पुढची पाच वर्षं पुण्यात काचेच्या इमारती उठत होत्या आणि नागोराव घरात बसून वेताच्या खुर्च्या विणत होते.

दोन हजार आठच्या जानेवारीत हे काम आलं. एका जुन्या छापखान्याच्या जागेत नवं कलादालन निघालं होतं. तिथं पूर्णिमा नावाच्या कलावतीचं प्रदर्शन होतं, 'क्वार्टर नंबर अठरा'. भिंतीवर एकही चित्र नव्हतं. एका कारखान्याच्या कॉलनीतलं छोटं घर तिने जसंच्या तसं उभं केलं होतं, बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा, आणि आत पूर्ण काळोख ठेवला होता. बघणाऱ्यांनी ते घर हातांनी बघायचं. सहा-सहा जणांची रांग, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर आणि सगळ्यांत पुढे नागोराव.

त्यांना या कामाची मोठी गंमत वाटायची. हिंजवडीची, मगरपट्ट्याची कॉम्प्युटरवाली पोरं हसत-खिदळत आत यायची आणि दहाव्या पावलाला "काका, आहात ना?" म्हणून विचारायची.

"आहे, आहे. कुठे जातोय मी?" नागोराव म्हणायचे. "हे कपाट. ही खाट. इथे उंबरा आहे, पाय उचला. हे स्वयंपाकघर."

२

पहिले दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी, दुपारच्या तुकडीला घेऊन ते स्वयंपाकघरातून व्हरांड्याकडे वळत होते, तेव्हा कोणीतरी त्यांच्या शर्टाचा मागचा सोगा धरला.

त्यात नवल नव्हतं. घाबरलेली माणसं खांदा सोडून शर्ट धरतात. नागोराव चाल मंद करून म्हणाले, "सावकाश. मी आहे." बाहेरच्या पडद्यापाशी सोगा सुटला. सवयीप्रमाणे त्यांनी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजणी केली. सहा.

"शर्ट कोणी धरला होता?" त्यांनी सहज विचारलं.

कोणीच नव्हता धरला. त्यांच्या मागचा मुलगा तर म्हणाला, "काका, माझे दोन्ही हात तुमच्या खांद्यावर होते."

संध्याकाळी घरी यमुनाबाईंनी शर्ट धुवायला घेतला. "अहो, हा मागून ओला कसा?"

"घाम असेल."

"घामाला राखेचा आणि चिंचेचा वास येतो होय?" यमुनाबाई म्हणाल्या. "कलादालनात जाता म्हणून सांगता आणि कुठे भांडी घासायला जाता की काय?"

नागोराव हसले. पण त्यांनी शर्ट हातात घेऊन हुंगला. ओला भाग चार बोटं आणि एक अंगठा एवढाच होता.

३

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. रोज नाही, प्रत्येक तुकडीला नाही. पण जेव्हा व्हायचं तेव्हा स्वयंपाकघरातच.

नागोराव हिशेबी मनाचे. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ते एकटेच आत गेले. ओटा चाचपला. नळ फिरवला. तो नुसता शोभेचा, त्याच्यामागे पाइपच नव्हता. मोरी कोरडी. मांडणीवरची पितळी भांडी कोरडी. एसीचं पाणी गळत असेल म्हणून त्यांनी वर हात केला, छत कोरडं. म्हणजे माझाच काही भ्रम, असं ठरवून ते वळले.

तेव्हा कोणीतरी त्यांचा हात धरला.

या वेळी शर्ट नाही, हात. थंड, ओला, पाण्यात बराच वेळ राहिलेला. बायकी हात. बोटांच्या टोकांना भांडी घासून आलेला खरखरीतपणा आणि मनगटावर दोन काचेच्या बांगड्या, ज्या वाजल्या मात्र नाहीत.

"कोण आहे?" नागोरावांनी हळूच विचारलं.

 नुसता श्वास ऐकू येत होता, भरभर, वरच्यावर. आयुष्यभर माणसांचे श्वास तारेवर ऐकलेल्या त्या माणसाला तो ओळखू आला. घाबरवायला आलेल्याचा श्वास असा नसतो. हा हरवलेल्याचा होता.

ते पडद्याकडे चालू लागले. हात बरोबर आला. एक पाऊल, दोन पावलं. डोळे गेल्यावर आईचा पदर धरून ते असेच चालायचे, पदर निसटला की जागीच उभे राहायचे, ते त्यांना आठवलं. पडद्याच्या फटीतून रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आला आणि हात सुटला.

बाहेर कल्याणी डबा उघडत होती. "काका, एकटेच काय करत होतात आत?"

"नळ बघत होतो," नागोराव म्हणाले.

भीती नंतर आली. परतीच्या बसमध्ये, दांडा धरलेला असताना, आपलाच तळहात गार आहे हे त्यांना जाणवलं तेव्हा.

४

गुरुवारी कॉलेजच्या मुलींची तुकडी आली. त्यांतली पूर्वा नावाची मुलगी बाहेर पडली ती रडतच.

"कोणीतरी माझे केस धरले," ती म्हणाली. "नुसता हात लागला नाही हो. मोकळे केले, बोटं फिरवली, मानेपासून वर. आणि मग सोडून दिले." आणि मग ती थांबून, पण स्पष्ट म्हणाली, "आत पुरुष एकच होता."

 नागोराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. बावन्न वर्षांत त्यांच्यावर असा शब्द कधी आला नव्हता. कल्याणी तिशीतली, सगळं कलादालन एकटी सांभाळणारी, कामात चोख. तिने पूर्वाला पाणी दिलं आणि म्हणाली, "आत कॅमेरे आहेत, अंधारात दिसणारे. मी आत्ता बघते. काका, तुम्ही इथेच बसा."

ऑफिसचं दार लागलं. नागोराव बसले. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे ते ऐकत होते. यमुनेला काय सांगायचं, याचं एक वाक्य त्यांनी मनात तीनदा जुळवलं, तिन्ही वेळा ते तुटलं.

दार उघडलं तेव्हा कल्याणीची चाल बदललेली होती. ती आधी पूर्वाशी बोलली. "काका तेव्हा व्हरांड्यात होते, तुझ्यापासून बारा फूट लांब. मी स्वतः पाहिलं. तुला हवं तर तूही बघ." पूर्वा नको म्हणाली. जाताना तिने नागोरावांची माफी मागितली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

मुली गेल्यावर कल्याणी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"मग कोण होतं?" नागोरावांनी विचारलं.

"कोणीच नव्हतं काका."

"आणि केस?"

कल्याणीने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, "तिचे केस वर उचलले गेले. तीन भाग झाले त्यांचे. नीट, सारखे. आणि मग खाली पडले, जसं काही... ही नव्हे, असं वाटल्यावर हातातलं खाली ठेवावं तसं." तिने नाक ओढलं. "मी ते पुसून टाकणार आहे. मी इंजिनिअर बापाची मुलगी आहे, मला हे कोणाला सांगता येणार नाही. तुम्हीही सांगू नका."

नागोरावांनी मग तिला हाताचं सांगितलं.  बाहेर पिठाची गिरणी चालू झाली, त्या आवाजाने दोघांनाही बरं वाटलं.

५

पूर्णिमाबाई आठवड्यातून एकदा यायच्या. एक्केचाळीस वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. बोलणं मोजकं आणि धारदार. नागोरावांना त्यांचा आवाज आवडायचा. खाली कुठेतरी चीर गेलेल्या कपासारखा तो वाजायचा.

"बाई, एक विचारू? हे घर कोणाचं?"

"माझंच. नववीपर्यंत... नाही, नवव्या वर्षापर्यंत. आता तिथे आयटी पार्क आहे. वॉचमन आत सोडत नाही. म्हणून इथे बांधलं."

"स्वयंपाकघरात तुमच्या आई असायच्या?"

"स्वयंपाकघरात आई नाही तर काय कलेक्टर असणार?"

नागोरावांनी तो फटका मुकाट्याने घेतला. "तुम्ही अंधार केल्यावर आत एकदाही गेला नाहीत, असं कल्याणीताई म्हणाल्या."

"मी बांधलंय ते. मला काय बघायचंय त्यात?"

"बघायचं काही नाही," नागोराव म्हणाले. "पण आत कोणीतरी तुम्हाला शोधतंय."

ते वाक्य त्यांनी आठ दिवस जपून ठेवलं होतं, आणि शेवटी ते असं सरळच निसटलं. पूर्णिमाबाईंची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. त्या ओरडतील, कामावरून काढतील, असं त्यांना वाटलं. त्या ओरडल्या नाहीत.

"हात ओला असतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गार?"

"हो बाई."

पूर्णिमाबाई उठल्या आणि निघून गेल्या. पुढचे दोन आठवडे त्या फिरकल्या नाहीत. त्या दोन आठवड्यांत स्वयंपाकघरातला हात अधिक घट्ट धरू लागला. आता तो पडद्यापाशीही लगेच सुटत नसे. एकदा नागोरावांना त्या हाताची बोटं एकेक करून सोडवावी लागली आणि ती सोडवताना त्यांना फार अपराधी वाटलं. कल्याणीने स्क्रीनवर ते पाहिलं. त्यांच्या मनगटाचं कातडं चार ठिकाणी आत दबलेलं होतं, एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून ती स्क्रीनची खुर्ची भिंतीला टेकवून बसायला लागली.

६

शेवटच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी साडेपाचला, शेवटची तुकडी बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार येऊन घर मोडणार होते. नागोराव काठी घेऊन निघणार, एवढ्यात दारात पूर्णिमाबाईंच्या चपला वाजल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "मला आत न्या."

त्यांनी खांदा धरला नाही, नागोरावांचा दंड धरला. बाहेरच्या खोलीत त्या ताठ होत्या. कपाट, खाट, उंबरा. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या.

"मी इथेच उभी होते," त्या कुजबुजल्या. "तुम्ही जा, नागोराव. मला एकटीला सोडा."

"बाई..."

"जा हो."

ते व्हरांड्यातून बाहेर आले आणि पडद्याशी उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून पाटाचा आवाज आला, कोणी तो जमिनीवरून ओढून ठेवावा तसा. मग काही नाही. मग, अगदी हळू, बांगड्या वाजल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"काका," ऑफिसातून कल्याणीची हाक आली. तिचा आवाज फुटला होता. "ताई खाली बसल्यात. पाठ करून. त्यांची मान मागे ओढली जातेय काका, सारखी, थोडी थोडी. त्या... त्या हसतायत." खुर्ची सरकली. "मी नाही बघणार आता. मी दिवे लावते."

"नका लावू," नागोराव म्हणाले. "पाच मिनिटं द्या."

पाचाची वीस मिनिटं झाली. आतून आता बोलणं येत होतं, एकाच बाजूचं; पूर्णिमाबाईंचा आवाज, पण तो एक्केचाळीस वर्षांचा नव्हता. त्यात ती चीरच नव्हती. "आज नको ना जाऊ," तो म्हणत होता. "मी पण नाही जाणार शाळेत. आपण इथेच बसू."

ते ऐकून नागोरावांच्या अंगावर काटा आला. ओल्या हाताला ते सरावले होते. आत गेलेली बाई बाहेर येणार नाही, ही भीती मात्र नवी होती. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पडदा सारला.

स्वयंपाकघरात दोन श्वास होते. एक खाली, शांत. दुसरा त्याच्या जरा वर, तोही आता भरभर नव्हता. हवेत राख आणि चिंच, आणि खोबरेल तेल. नागोराव उंबऱ्यावर हात जोडून उभे राहिले. कोणाशी बोलायचं, काय म्हणायचं, काही ठरवलं नव्हतं.

"बाई," ते वरच्या श्वासाला म्हणाले, "तुमची मुलगी फार मोठी झालीय. माणसं लांबून येतात तिचं काम बघायला. तिला घर आहे बाहेर, दिवस आहेत पुढे. मी आंधळा माणूस आहे, पण वाट चुकत नाही. माझ्याबरोबर पाठवा तिला. मी नीट नेईन."

कोणी हललं नाही. खालून पूर्णिमाबाई म्हणाल्या, "मला नाही यायचं."

नागोरावांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. दंड भरून आला. आपण मागितलं ते जास्त झालं, असं त्यांना वाटू लागलं. मग तो ओला, थंड हात आला. त्याने त्यांचा हात धरला आणि तळहात वर करून सरळ केला. क्षणभर दाबला. आणि मग, शाळेच्या दारात बाईंच्या हातात मुलीचा हात देतात तसा, एक उबदार, कोरडा हात त्यांच्या तळहातावर आणून ठेवला.

नागोरावांनी मूठ मिटली. ते वळले. पूर्णिमाबाई पहिली दोन पावलं ओढल्यासारख्या आल्या, मग चालू लागल्या. मागे कोणीही येत नव्हतं.

बाहेर दिव्यात कल्याणी उभी होती. तिचा श्वास आत ओढला गेलेला नागोरावांनी ऐकला.

"ताई, तुमचे केस," ती म्हणाली. "एकच वेणी आहे. उजव्या बाजूची."

पूर्णिमाबाईंनी हात वर नेला. वेणी चाचपली. 

"डावी झाली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या.

७

घर सोमवारी मोडलं. सुतारांना काही वेगळं आढळलं नाही. कल्याणीने दोन दिवस रजा घेतली आणि मग ती पुढच्या प्रदर्शनाच्या तयारीला लागली. नागोरावांना तिने ठेवून घेतलं. फोन घ्यायला माणूसच हवा, यंत्र नको, असं तिने मालकांना ठणकावून सांगितलं.

पंधरा दिवसांनी, एका दुपारी, पूर्णिमाबाई पत्ता विचारत कर्वेनगरला आल्या. यमुनाबाईंनी त्यांना चटई अंथरली, पोहे केले आणि नवऱ्याकडून सगळं ऐकलेलं असूनही काही ऐकलं नसल्यासारखं हवापाण्याचं बोलत राहिल्या. पूर्णिमाबाईंनीच विषय काढला. सांगितलं तेही थोडकं. सकाळी आई भांडी अर्धी टाकून वेण्या घालायला बसली होती. एक झाली. दुसरी घेताना तिला घेरी आली. शेजारच्या बाईने उंबऱ्यापाशी उभ्या राहिलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या घरी नेलं. आईला इस्पितळात नेलं, आणि त्यानंतर कोणी काही दाखवलं नाही, सांगितलंही नाही.

"मी तिला नीट पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "आतही नाही. काळोख मीच केला होता ना. पण हात तुम्ही किती दिवस धरलात. तुम्हाला हातावरून माणसाचं वय कळतं म्हणे."

"साधारण कळतं."

"मला तिचा चेहरा आठवतो तो मोठ्या बाईचा. सगळं माहीत असलेल्या बाईचा. म्हणून विचारते. कसा होता हात? म्हातारा?"

 नागोरावांनी आपला उजवा तळहात गुडघ्यावर उलटा ठेवला, सरळ केला. खोटं बोलावं असं त्यांना वाटून गेलं, पण त्या हाताशी खोटं बोलणं त्यांच्याने होईना.

"नाही बाई," ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा लहान होता. बराच लहान. तिशीचासुद्धा नसेल."

पोह्यांची ताटली खाली ठेवल्याचा आवाज आला. बाहेर सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं. यमुनाबाई उठल्या आणि पाहुणीच्या शेजारी, अगदी चिकटून बसल्या.

"अठ्ठावीस," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांची होती ती." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, एखाद्या पोरीबद्दल बोलावं तसा. "केवढीशी होती हो. किती घाबरली असेल."